शेजारची जागा

नाशिकला द्वारकेच्या चौकात अडकायचं नाही असं ठरवून निघालेला माणूस तिथे हमखास अडकतो. उज्वलाचंही तेच झालं. सातपूरहून आलेल्या बसने तिला अलीकडे उतरवलं, नाशिकरोडच्या शेअर रिक्षा पलीकडे, आणि मधे ट्रक, बस, भाजीचे टेम्पो एकमेकांच्या नाकाला नाक लावून उभे. वर उड्डाणपुलावरून गाड्या सुसाट चालल्या होत्या आणि खाली कुणाचं चाक हलत नव्हतं. फाल्गुनातलं ऊन डोक्यावर आलं होतं. तिने हातातली कापडी पिशवी छातीशी धरली, पदर कमरेला खोचला आणि गाड्यांच्या फटींतून वाट काढायला लागली. एका छोट्या हत्तीच्या, म्हणजे चिमुकल्या टेम्पोच्या, मागच्या फळीला हात टेकून ती वळणार, तोच तिची नजर आत गेली आणि पाय जागच्या जागी थांबले. आत झिपरू उताणा पडला होता.

झिपरू म्हणजे दगड. कंबरेएवढ्या उंचीची काळी शिळा, वर चंद्र-सूर्य, खाली घोड्यावर बसलेला माणूस, एका हातात तलवार, चेहऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराचा थर. शाळेच्या दालनात तो उभा होता तेव्हा वरून पिवळा दिवा पडायचा आणि तो असायचा त्याहून मोठा वाटायचा. आता पोत्यावर आडवा टाकलेला, सुंभाने दोन ठिकाणी आवळलेला, तो अगदीच लहान दिसत होता. शेजारी फेट्यासारखा पदर गुंडाळलेली एक म्हातारी बसली होती आणि गाडीचा हिसका बसून डोकं आपटू नये म्हणून तिने त्याच्या कपाळावर पंजा ठेवला होता. उज्वलाला खरं तर आनंद व्हायला हवा होता. हा दगड तिथून हलावा म्हणून तीच बोलली होती, तिच्या एका वाक्यावर तो हलला होता, आणि आज ती त्याच रिकाम्या जागेवर नवऱ्याच्या वस्तू ठेवायला निघाली होती. पण मनात आलं ते भलतंच. ह्याच्या अंगावर काहीच नाही, असं आलं.

माणसाच्या मनाला वेळकाळ कळत नाही. मागून रिक्षावाला ओरडत होता, ट्रॅफिक हवालदाराची शिट्टी कानात घुसत होती, आणि उज्वला मात्र सव्वीस जानेवारीच्या सकाळी शाळेच्या ऑफिसात जाऊन बसली होती. झेंडावंदन झालं होतं. समोर बशीत बटाटेवडा होता. शाळा नाशिकरोडच्या पुढची, खासगी सैनिकी शाळा, आणि तिचे प्राचार्य म्हणजे निवृत्त कर्नलसाहेब. जिल्ह्यातल्या लढवय्यांचं एक दालन त्यांनी मोठ्या हौसेने उभं केलं होतं. त्यात हवालदार जयराम, म्हणजे उज्वलाचा नवरा, पहिल्या भिंतीवर. ईशान्येच्या डोंगरांत बंडखोरांशी झालेल्या चकमकीत तो गेला त्याला आता खूप वर्षं झाली होती. लेक पूजा तेव्हा रांगत होती, ती आता पुण्याला नोकरी करते. दिवाळीनंतर एकदा उज्वला फोटोला हार घालायला गेली आणि पाहते तर फोटोच्या शेजारी हा दगड. खाली पाटी. अठराशे सत्तावन्नच्या आगेमागे डोंगरातल्या एका चिमुकल्या संस्थानाविरुद्ध उठलेला बंडखोर झिपरू आणि त्याचे साथीदार. लढाई म्हणावी तर घरातलीच. बंड करणारे डोंगरातले, त्यांना घेरून मारणारे शिपाईही डोंगरातले, दोघेही नागलीच्या एकाच भाकरीवर वाढलेले. झिपरूने नाक्यावरचे पहारेकरी कापले, कोठारं फोडली, एक पावसाळा रानात काढला आणि पुढच्या होळीच्या आत मारला गेला. एवढं सगळं पाटीवर होतं, आणि त्या पाटीपासून हातभर अंतरावर जयराम मिशीत हसत होता.

त्या दालनाची एक रीत होती. वर्गावर जाताना मुलं दारातून आत तोंड करायची, टाच आपटून सलाम ठोकायची आणि पुढे जायची. उज्वलाला ती रीत फार आवडायची. कधीकधी ती मुद्दाम सकाळची वेळ साधून जायची आणि कोपऱ्यात उभी राहून नवऱ्याला पडणारे सलाम बघायची. दगड दिसला त्या दिवशी मात्र प्रत्येक टाचेला तिची नजर फोटोवरून दगडावर जात होती. सव्वीस जानेवारीला चहा घेता घेता तिने ते कर्नलसाहेबांना सांगितलं. आवाज चढवला नाही. सातपूरच्या कारखान्यात तपासणी खात्यात आयुष्य गेलेलं. यंत्रावरून आलेल्या तुकड्याच्या भोकात गेज घालायचा, गेला तर पास, अडला तर रिजेक्ट, त्यात आवाज चढवण्यासारखं काही नसतं. ती म्हणाली, "सर, पोरं सलाम एकच ठोकतात. तो ह्यांना की त्याला?" ऑफिसातली चारदोन माणसं वड्याकडे बघायला लागली. कर्नलसाहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, "ताई, ज्याला हरवलं त्याला विसरणारी फौज उद्या आपण कुणाशी लढतोय तेही विसरते. पोरांना मला एवढंच दाखवायचं होतं." उज्वला म्हणाली, "ते वर्गात शिकवा ना सर. पुस्तकात असू दे त्याचं नाव, मी कशाला नाही म्हणू? पण ही शिपायांची भिंत आहे. त्याने बंदूक शिपायांवरच उचलली होती." संस्थेचे एक पदाधिकारी लगेच म्हणाले, ताईंचं बरोबर आहे. कर्नलसाहेबांनी आणखी वाद घातला नाही. "ह्या भिंतीवर पहिला हक्क तुमचा," एवढंच म्हणाले, आणि ते त्यांनी इतक्या सरळ मनाने म्हटलं की उज्वलाला आपण जिंकलो आहोत हे कळायला थोडा वेळ लागला. रात्री पूजाला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, तो दीडशे वर्षांपूर्वीचा गं. बाबांना मारणारे वेगळे." उज्वला म्हणाली, "वेगळे कसे? तेही डोंगरातलेच." पूजाने "बरं" म्हणून फोन ठेवला. मुली नुसतं "बरं" म्हणतात तेव्हा त्यांना पटलेलं नसतं हे आईला कळतं, पण आई ते कळल्याचं दाखवत नाही.

आणि आता तोच झिपरू द्वारकेच्या उन्हात उघडा पडला होता, आणि उज्वलाच्या पिशवीत होती शाल. टोपी होती, पट्टा होता, आणि सगळ्यात खाली घडी घातलेली लाल-काळी शाल होती. कर्नलसाहेबांनी फोनवर सांगितलं होतं, जागा मोकळी होतेय, ताई, हवालदारसाहेबांच्या काही वस्तू असतील तर आणा, काचेच्या पेटीत मांडू. तिने ट्रंक उघडली, डांबराच्या गोळ्यांचा वास नाकात गेला, आणि हात न अडता शालीवर गेला. बाकीच्या वस्तू सरकारने दिलेल्या. शाल तेवढी जयरामची. जयरामची म्हणजे त्याने विकत घेतलेली नव्हे. ती त्याच्या अंगावर होती.

ते सांगितलं बहिरूने. बहिरू जयरामच्याच कंपनीतला, नांदगावकडचा, ट्रंक घेऊन तोच घरी आला होता. ओसरीवर बसला, पाणी प्याला नाही, टोपी गुडघ्यावर ठेवून बोलत राहिला. "वहिनी, आम्ही पोचलो तवा फटफटलं व्हतं. दादा वाटेच्या वळणावर पडलेला. अंगावर ही शाल. पार गळ्यापासून पायापर्यंत. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवलेले, वाऱ्यानं उडू नये म्हणून. गावात एक दार उघडं नव्हतं. कुणी टाकली, कवा टाकली, कुणी सांगंना." उज्वलाने शाल हातात घेतली होती आणि पुढचं तिला ऐकू आलं नव्हतं. चार दगड. कुणीतरी गोळी सुटणाऱ्या रात्री घराबाहेर पडून, शाल अंथरून, अंधारात चाचपडत चार दगड शोधले होते. त्या चार दगडांवर ती उभी राहिली. पूजाचं शाळेत नाव घालताना, कारखान्यात पहिल्या दिवशी गेज हातात घेताना, दिवाळीच्या साफसफाईत शाल उन्हात टाकताना, ती त्या कुणाला तरी मनात नमस्कार करायची. कुणाला, ते तिने कधी विचारलं नाही. देवाला हात जोडताना आपण त्याचा पत्ता कुठे विचारतो? कुणीतरी होतं, चांगलं होतं, बास.

पण बहिरू पुढे बोलला होता. आज इतक्या वर्षांनी, हातभर अंतरावर झिपरूचं शेंदरी तोंड उन्हात तापत असताना, ते पुढचं तिला ऐकू आलं. अक्षर न् अक्षर. "पलीकडं त्यांचं एक पोर पडलं व्हतं. मिसरूडबी फुटलं नव्हतं. त्याच्यावरबी अशीच शाल. दोन्ही एका हातच्या, वहिनी. एका मागावरच्या." उज्वलाने फळी घट्ट धरली. दोन शाली. कुणाच्या घरात एकाच हातच्या दोन शाली असतात, आणि कोण बाई आपल्या पोरावर एक घालून दुसरी शेजारी पडलेल्या शिपायावर घालते? तिला चेहरा दिसेना. हात दिसले. दगड उचलणारे, जून झालेले, मागावर बसणारे हात. तेही डोंगरातलेच, असं ती पूजाला म्हणाली होती. बरोबरच होतं ते. तेही डोंगरातलेच होते.

आणि हे तिच्या सासूने तेव्हाच ऐकलं होतं. कुसाबाईने दोन्ही वाक्यं ऐकली होती. नांदगावकडे त्यांच्या घरी होळीच्या दुसऱ्या दिवशी वीर नाचवायची रीत. घराण्यात जे लढाईत, घातपातात, अवेळी गेले त्यांचे चांदीचे टाक देव्हाऱ्यात असायचे. ते एका कापडात बांधायचे, घरच्या कर्त्या पुरुषाने छातीशी धरून डफावर नाचत विहिरीवर न्यायचे, दुधापाण्याने न्हाऊ घालायचे आणि घरी आणायचे. त्या टाकांतला एक गावाची राखण करताना गेला म्हणायचे आणि एक दुसऱ्या गावावर धाड घालताना. कोणता टाक कोणाचा, हे नवीन लग्न झालेल्या उज्वलाने विचारलं तेव्हा कुसाबाई म्हणाली होती, "मला काय ठाव? आंघोळ घालताना कुठं इचारायचं असतं?" जयराम दर वर्षी ह्या एका दिवसासाठी सुट्टी काढायचा. रेल्वेतून उभ्याने यायचा, पण यायचा. बराकीतल्या गोष्टी सांगायचा. त्यातली एक तिला फार आवडायची. कुणी सुट्टीवर गेला की त्याची खाट दुसऱ्या कुणाला देत नाहीत. गादी गुंडाळलेली, पेटी खाली तशीच. नव्या आलेल्याला कितीही अडचण होवो, त्याने जमिनीवर पसरायचं. "माझी जागा तिकडंबी राखलेली अन् इकडंबी," असं म्हणून तो हसायचा. शेवटची सुट्टीही त्याला होळीचीच मंजूर झाली होती.

त्यानंतरच्या होळीला देव्हाऱ्यात जयरामचा टाक आला. कोरा, चकचकीत, नांदगावच्या सोनाराकडून घडवून आणलेला. धाकटा दीर सहादू कापड बांधून घ्यायला पुढे उभा होता आणि कुसाबाईने गाठ मारायच्या आधी कनवटीची एक सुपारी काढून टाकांत ठेवली. उज्वलाने विचारलं, हे कोण? सासू गाठ मारता मारता म्हणाली, "त्ये दुसरं पोर. बहिरू बोलला नव्हं का? त्यांच्यात नाचवत्यात का नाय, कोणाला ठाव. नाय नाचवलं तं भटकंल बिचारं. आपल्या जयरामाच्या संगं पडलं, त्याच्याच मागं येईल. दारात आल्यावर आंघोळ नको का घालाया?" उज्वलाच्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या नवऱ्याच्या मारेकऱ्याला तुम्ही माझ्या नवऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसवता? असं ती मोठ्याने म्हणाली, भरल्या अंगणात, डफवाल्यांसमोर. कुसाबाईने उत्तर दिलं नाही आणि सुपारीही काढली नाही. उज्वला विहिरीवर गेली नाही, गोठ्यामागे जाऊन बसली. पुढे होळीला ती सातपूरलाच राहायला लागली. सणाच्या दिवशी कारखान्यात पाळी करणारं माणूस सगळ्यांना हवंच असतं. सासूशी तिचं वागणं चांगलं राहिलं, औषधपाणी केलं, शेवटी तोंडात पाणीही तिनेच घातलं, पण ती सुपारी दोघींच्या मधे तशीच राहिली. कुसाबाई जाऊन दोन होळ्या झाल्या. सहादू अजून सुपारी ठेवतो. कशासाठी, विचारलं तर म्हणतो, आई ठेवायची.

कुसाबाईने बहिरूचं ते दुसरं वाक्य ऐकलं आणि लगेच कामाला लागली, एवढंच झालं होतं. तिकडे त्या बाईने माझ्या पोराला पांघरूण घातलं, तर इकडे मी तिच्या पोराला आंघोळ घालते. दोघींची ओळख नाही, भाषा नाही, मधे हजार कोसांचं अंतर, आणि तरी एकीने टाकलेला शब्द दुसरीने झेलला होता. मधे बसलेल्या उज्वलाला तेवढं ऐकू आलं नव्हतं. द्वारकेच्या चौकात, डिझेलच्या धुरात, उज्वलाचे डोळे भरून आले. तिला रडू आलं ते दुःखाने नाही. तिला आत्ता, इथे, सासूचे पाय धरावेसे वाटले. किती माणसांनी तिच्या नवऱ्याला सांभाळलं होतं, आणि तिला वाटत होतं तो एकटा पडला आहे.

पुढे कुठेतरी एक बस हलली आणि छोट्या हत्तीने धूर सोडला. उज्वलाने फळीवर पाय दिला आणि वर चढली.

"मावशी, जरा सरका."

म्हातारी सरकली. सरकल्यावर विचारलं, "कोठं जायाचं बाय तुला? आमी पेठकडून सुरगाण्याला चाललो."

"मला नाही जायचं कुठं. ह्यांना ऊन लागतंय."

म्हातारीने एकदा दगडाकडे आणि एकदा उज्वलाकडे पाहिलं. "त्येला उनाची सवय आहा. माळावरच तं असतो. आडवा पडलाय ना, म्हणून तसा वाटतो." पुढच्या खिडकीतून ड्रायव्हर पोराने मान वळवली. "आजी, कोण चढलं?" "काय नाय हर्षल, तू गाडी बघ." मग ती उज्वलाला म्हणाली, "मी रंगूबाई. आमचा आहा हा."

उज्वलाला सांगायचं ते लांबवून सांगता येईना. ती म्हणाली, "मावशी, माझ्यामुळे नेताय तुम्ही ह्यांना. मीच म्हणाले तिथून काढा म्हणून. शेजारचा फोटो माझ्या मालकांचा."

"मिशीवाला?"

"हो."

"हां." रंगूबाईच्या तोंडावर राग आला नाही, ओळख आली. "मंग तं वळखते मी. निघताना त्यालाबी बोट लावलं शेंदराचं. इतके दिस शेजारी राहला ना? न सांगता कसं निघावं?"

उज्वलाने पिशवी मांडीवर ओढून घेतली. शेवटी ती म्हणाली, "अशाच लोकांनी मारलं त्यांना. बंडवाल्यांनी."

रंगूबाईने मान हलवली. "झिपरूला शिपायांनी मारला. शिपाई कोण, तं शेजारच्या पाड्यावरचे. आता त्यांच्या घरात आमची पोर अक्काबाई दिलीय. होळीला झिपरूचं पहिलं नारळ त्यांच्याच घरचं येतं. त्यांचं नाय आलं तं आमी फोडतच नाय." मग थोडं थांबून, कुणीतरी ऐकेल म्हणून हळू आवाजात, "अन् तू काढलास त्याचं वाईट नको वाटून घेऊ बाय. सायबानं मागला, चांगला माणूस, आमच्यात बसून भाकर खाल्ली, म्हणून दिला. पन होळी जवळ आली अन् सगळं गाव खिन्न. जागा मोकळी दिसायची. दिल्याली वस्तू मागायची कशी? मागाया तोंड नव्हतं. तू धाडलास. होळीला घरी येतोय बघ."

ज्याला आपण हाकललं त्याच्याच घरचं माणूस आपले उपकार मानतं आहे, ह्याला काय म्हणावं? उज्वलाला हसू आलं आणि हसताना डोळ्यांतलं पाणी खाली आलं. तिने पिशवीत हात घातला, टोपी-पट्टा बाजूला केला आणि शाल काढली. कर्नलसाहेबांना काय सांगायचं, काचेची पेटी रिकामी राहील, ट्रंकेतली एवढी एकच वस्तू खरी जयरामची होती, हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं. कारखान्यात इतकी वर्षं ती प्रत्येक तुकड्याला विचारत आली होती, बसतोस की अडतोस. शालीला काही विचारावं लागलं नाही. ती उलगडली आणि झिपरूच्या अंगावर बरोबर बसली, गळ्यापासून पायापर्यंत. काळ्यात लाल पट्टे, कडेला बारीक नक्षी, मधे एका जागी जुना डाग, जो तिने कधी धुतला नव्हता. रंगूबाईने कड चिमटीत धरून उलटीसुलटी पाहिली. "हाताची आहा. लय दिस लागले आसतील इणायला. कोणाची?"

"एका आईची. ती तिकडच्या डोंगरातली. तिचा मुलगा त्याच रात्री गेला, आणि तिने ही माझ्या मालकांवर घातली. मी तिला कधी भेटले नाही. आता भेटणारही नाही." उज्वलाने डोळे पुसले. "तिचं एवढं तरी तिच्या मुलासारख्याच्या अंगावर जाऊ दे."

गाडी हलल्याबरोबर वाऱ्याने शालीचं टोक उडालं. दोघींनी एकदमच हात टाकला. "थांब थांब," म्हणत रंगूबाईने इकडेतिकडे पाहिलं. एका कोपऱ्यावर स्टेपनी सरकवली. दुसऱ्यावर हर्षलचा जॅक. तिसऱ्यावर नारळांची पिशवी. चौथ्यासाठी काही सापडेना, तेव्हा ती स्वतःच त्यावर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आता बघू कोण उडवतो." उज्वला बघत राहिली. चार कोपरे. इतक्या वर्षांत तिने ते चार दगड मनात हजार वेळा पाहिले होते, पण ते ठेवणारी बाई अशी दिसेल, पदर डोक्याला गुंडाळून, पान खाल्लेल्या दातांनी हसत, हे तिला कधी सुचलं नव्हतं.

"मावशी, होळी झाली की आणाल त्याला? परत? मी सांगते साहेबांना. शेजारीच राहू दे. शालही त्याच्याबरोबर येईल."

"गावाला इचारते. त्यालाबी इचारावं लागंल." रंगूबाईने दगडाच्या कपाळावर पंजा ठेवला. "पन त्याला करमलंय तिथं, असं वाटतं मला. पोरं येतात ना टाच आपटायला. आवडतं त्याला."

चौक एकदाचा सुटला. उज्वला उतरली तेव्हा मागच्या गाड्यांनी कर्णे वाजवून तिचा उद्धार केला आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. छोटा हत्ती पंचवटीच्या बाजूला वळला. गर्दीत बराच वेळ लाल-काळं काहीतरी दिसत राहिलं, मग दिसेनासं झालं. नाशिकरोडच्या रिक्षात ती तिघींच्या मधे दाटून बसली, पिशवी हलकी झाली होती, आणि सगळ्या रस्ताभर ती मनात कुसाबाईशी बोलत होती. आई, ह्या होळीला मी येते. सुपारी मी ठेवते. तुम्ही ठेवायचात तशीच, गाठ मारायच्या आधी.

शाळेत मधली सुट्टी चालू होती. दालनात नवसाबाई, झाडलोट करणाऱ्या, ओला फडका घेऊन जयरामच्या फोटोसमोर उभ्या होत्या. काचेवर, बरोबर कपाळाच्या जागी, शेंदराचं बोट उमटलं होतं. थोडं वाकडं, घाईत लावलेलं. मिशीतलं हसू त्याच्याखाली तसंच होतं.

"बघा ना ताई," नवसाबाई म्हणाल्या, "ती म्हातारी जाताना घाण करून गेली. पुसते आत्ता."

"नका पुसू. राहू द्या."

आवाज ऐकून कर्नलसाहेब आले. शेजारची जागा धुऊन पुसून लख्ख केली होती, भिंतीला काचेची रिकामी पेटी टेकवून ठेवली होती, सुतार स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊन उभा होता. "या ताई," साहेब म्हणाले. "आणलंत ना सगळं? तुम्ही म्हणाल तशी पेटी बसवू." उज्वलाने पट्टा आणि टोपी काढून त्यांच्या हातात दिली. म्हणाली, हे ह्यांच्या फोटोखाली ठेवा. साहेबांनी पिशवीकडे पाहिलं. "आणि शाल? फोनवर म्हणाला होतात."

दारात पावलं वाजली. घंटा झाली होती, मुलांची रांग वर्गावर निघाली होती. पहिल्याने आत तोंड केलं, टाच आपटली, हात कपाळाला नेला. मग दुसऱ्याने. उज्वला भिंतीकडे वळून बघत राहिली. सलाम जयरामवर पडत होता, शेंदराच्या बोटावर पडत होता, आणि शेजारच्या मोकळ्या जागेवरही पडत होता, आणि तो नेमका कुणाला, हे तिला विचारावंसं वाटत नव्हतं. ती रांग संपेपर्यंत थांबली. मग सुताराला म्हणाली, पेटी राहू द्या दादा.

"पेटी नको?" कर्नलसाहेबांनी विचारलं. "मग ह्या जागेचं काय करायचं ताई?"

"कुणाला देऊ नका, सर," उज्वला म्हणाली. "तो सुट्टीवर गेलाय."